जन्मजात हृदयदोष आणि प्रौढांतील हृदयारोपण



वैद्यकशास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे की, एक प्रश्न सुटला आणि त्याच्या सुटण्यातूनच दुसरा प्रश्न जन्माला आला. हृदयात दोष घेऊन जन्मलेल्या मुलांची हकीकत अशीच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या बालकाचे ओठ आणि नखे जन्मतः निळसर दिसत, त्याच्या आईबापांना डॉक्टर धीर देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नसत. आज संपन्न देशांत अशा शंभर बालकांपैकी नव्वदांहून अधिक बालके प्रौढ वयाला पोहोचतात. किंबहुना त्या देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांपेक्षा तसा दोष असलेल्या प्रौढांचीच संख्या अधिक झाली आहे. पूर्वी हा विषय केवळ बालरोगतज्ज्ञांचा होता. आता तो शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, संसार मांडलेल्या माणसांचा झाला आहे.

ह्या प्रौढांची हृदये दुरुस्त केलेली असतात. ती निर्दोष झालेली असतातच असे नाही. त्यांपैकी काहींच्या आयुष्यात अशी वेळ येते की, दुरुस्त करण्याजोगे काही उरलेले नसते. मग एकच उपाय राहतो, तो म्हणजे दुसऱ्या माणसाचे हृदय. हृदयारोपण ही शस्त्रक्रिया आता अर्धशतकाहून जुनी झाली आहे. तथापि, जन्मजात दोष असलेल्या प्रौढावर ती करणे हे इतर रुग्णांपेक्षा कितीतरी कठीण असते. ते कठीण का असते, त्याचे फळ काय मिळते आणि कोलकात्यासारख्या महानगराकडून ते कोणत्या सिद्धतेची अपेक्षा करते, हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभी हृदयाच्या रचनेचे थोडे स्मरण केले पाहिजे. हृदय म्हणजे एकमेकांना जोडून बसवलेले दोन पंप होत. उजवा पंप शरीरातून परत आलेले, प्राणवायू गमावलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. डावा पंप फुप्फुसांतून ताजे होऊन आलेले रक्त महारोहिणीतून सर्व शरीरभर खेळवतो. प्रत्येक पंपाला वर एक अलिंद आणि खाली एक निलय असे दोन कप्पे असतात. उजव्या आणि डाव्या बाजूंच्या मध्ये पडदा असतो आणि कप्प्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. फुप्फुसे हृदयाच्या शेजारीच आहेत आणि त्यांतील वाहिन्या रक्ताला फारसा विरोध करीत नाहीत. त्यामुळे उजव्या निलयाचे काम थोड्या दाबावर भागते आणि त्याची भिंत पातळ राहते. डाव्या निलयाला मात्र मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त पोहोचवायचे असते, म्हणून त्याची भिंत जाड असते. उजवी भिंत पातळ आणि डावी जाड ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या विवेचनातील बराचसा भाग आपोआप उलगडत जाईल.

गर्भाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांतच आकाराला येते. आरंभी ती एक सरळ नळी असते. ती वळते, तिच्यात पडदे उभे राहतात आणि तिच्या मुखातून दोन मोठ्या वाहिन्या निरनिराळ्या होतात. इतक्या थोड्या अवधीत घडणाऱ्या इतक्या नाजूक घटनाक्रमात कोठेतरी चूक राहणे आश्चर्याचे नाही. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक बालके दर वर्षी जन्मतात, असा अंदाज आहे. बहुतेक दोष साधे असतात. पडद्याला एखादे छिद्र असते आणि ते लहान असल्यास कधीकधी आपोआप बुजते. काही दोष मात्र गुंतागुंतीचे असतात. फ्रेंच वैद्य फॅलो यांनी १८८८ साली वर्णन केलेल्या विकारात निलयांमधील पडद्याला मोठे छिद्र, फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, महारोहिणी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजवा निलय जाड झालेला असे चार दोष एकत्र येतात. दुसऱ्या एका विकारात दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. काही बालकांच्या हृदयात तर कामाचा निलय एकच असतो.

ह्या बालकांना वाचवण्याची कथा २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुरू झाली. बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची कल्पना, शल्यविशारद आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे हात आणि त्यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी प्राण्यांवर केलेले दीर्घ प्रयोग ह्यांच्या संयोगातून एक शस्त्रक्रिया सिद्ध झाली. हाताकडे जाणारी रोहिणी वळवून ती फुप्फुसाच्या रोहिणीला जोडण्यात आली आणि निळ्या बालकाचे ओठ गुलाबी झाले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले. पुढच्या वर्षी मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी बालकाचा रक्तप्रवाह त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या रक्तप्रवाहाशी जोडून, म्हणजे एका जिवंत माणसालाच यंत्र बनवून, आजवर अशक्य वाटलेली दुरुस्ती करून दाखवली. १९६८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे फ्रान्सिस फोंतां यांनी एकनिलयी हृदयासाठी एक धाडसी रचना योजली. शरीरातून परत येणारे नीलांमधील रक्त हृदयाला वगळून थेट फुप्फुसांत सोडायचे आणि असलेला एकमेव निलय शरीरासाठी राखून ठेवायचा, असे तिचे स्वरूप होते. भारतातही ही विद्या हळूहळू रुजली. कोलकात्यात बी. एम. बिर्ला हृदय संशोधन केंद्रात डॉ. देवी शेट्टी यांनी १९९२ साली एका नवजात बालकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा इतक्या लहान जिवावर असे काही होऊ शकते हेच अनेकांना नवीन होते.

ह्या सर्व यशाला एक मर्यादा होती. ती लक्षात यायला वीस-तीस वर्षे जावी लागली. फॅलोच्या विकारात अरुंद मार्ग रुंद करताना तेथील झडप बहुधा निकामी होते. मग दर ठोक्याला थोडे रक्त मागे येत राहते आणि उजवा निलय वर्षानुवर्षे ताणला जातो. वाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बालकांवर स्टॉकहोममध्ये सेनिंग यांनी आणि टोरांटोत मस्टर्ड यांनी जी शस्त्रक्रिया केली, तीत रक्ताचे मार्ग वरच्या कप्प्यांत उलटवण्यात आले. मुले वाचली, शाळेत गेली, मोठी झाली. परंतु त्यांच्या शरीराला रक्त पुरवण्याचा भार मुळात थोड्या दाबासाठी घडलेल्या उजव्या निलयावर पडला. तो तीस-चाळीस वर्षे टिकतो आणि मग थकतो. फोंतां यांच्या रचनेत फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा पंपच नसतो. त्यामुळे नीलांमधील दाब कायमचा वाढलेला राहतो आणि त्याची झळ यकृताला लागते. यकृत हळूहळू कठीण होते, आतड्यांतून प्रथिने झिरपू लागतात, पोटात पाणी साचते. अशा वेळी रुग्ण तिशीच्या आसपास असतो आणि आपण लहानपणीच बरे झालो आहोत, अशी त्याची समजूत असते.

आता हृदयारोपणाकडे वळू. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या ग्रूट स्क्यूर रुग्णालयात क्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्या माणसाच्या छातीत बसवले. रुग्ण अठरा दिवस जगला. ही वार्ता सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी केलेले दुसरे हृदयारोपण मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. तो रुग्ण तीन आठवड्यांहूनही लहान असलेले बालक होते आणि त्याच्या हृदयातील झडपेचा दोष जन्मजात होता. बालक काही तासच जगले. म्हणजे जन्मजात हृदयदोष आणि हृदयारोपण ह्यांचा संबंध ह्या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच आठवड्यात जुळला होता.

भारताचे नाव ह्या इतिहासात लगेचच येते, आणि ते ज्यांच्यामुळे येते त्यांचा जन्म कोलकात्याचा. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे कर्तृत्व मुंबईत फुलले. तेथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात, म्हणजे परळच्या के.ई.एम.मध्ये, त्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शल्यक्रियेची एक परंपराच उभी केली. अनेक वर्षे श्वानांवर प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयारोपणाचे तंत्र आत्मसात केले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउनच्या घटनेला तीन महिनेही पुरे झालेले नसताना, त्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. जगातील ते सहावे होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी दुसऱ्या रुग्णावर तीच शस्त्रक्रिया केली. तो सुमारे चौदा तास जगला.

ह्या दोन मृत्यूंचे कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. दोन्ही वेळा जोडकाम व्यवस्थित झाले होते आणि नवे हृदय सुरूही झाले होते. घात केला तो रुग्णांच्या फुप्फुसांनी. दीर्घ आजारामुळे त्यांच्या फुप्फुसांतील वाहिन्या अरुंद आणि ताठर झाल्या होत्या. रुग्णाचे स्वतःचे हृदय त्या विरोधाला हळूहळू सरावलेले होते. परंतु दात्याचे हृदय निरोगी माणसाचे, म्हणजे पातळ भिंतीच्या उजव्या निलयाचे. त्याला एकाएकी तो डोंगर ओढावा लागला आणि काही तासांतच त्याने मान टाकली. नवे हृदय निरोगी असून भागत नाही. ज्या फुप्फुसांशी त्याची गाठ पडणार, ती त्याला पेलणारी असावी लागतात, हा धडा परळच्या त्या शस्त्रक्रियागृहातून मिळाला. आज कोणत्याही रुग्णाचे नाव प्रतीक्षायादीत घालण्यापूर्वी त्याच्या फुप्फुसांतील हा विरोध मोजला जातो.

१९६८ साली जगभर शंभरावर हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत दगावले. शरीर परके हृदय झिडकारते. ते झिडकारू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती एवढी दडपीत की, जंतुसंसर्गाने रुग्ण जाई. बहुतेक रुग्णालयांनी हा मार्ग सोडून दिला. स्टॅनफर्ड येथे नॉर्मन शमवे यांनी मात्र तो धीराने चालू ठेवला. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध मिळाले आणि १९८० च्या दशकात चित्र पालटले. भारतात आणखी एक अडचण होती. मेंदू कायमचा बंद पडला परंतु यंत्राच्या आधाराने हृदय चालू आहे, अशा अवस्थेला मृत्यू म्हणण्यास कायद्याचा आधार नव्हता. मानवी अवयवांच्या प्रतिरोपणाचा कायदा १९९४ साली संमत झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईत मात्र हे काम पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडले. तेव्हा पुण्याहून आणलेले हृदय मुलुंडच्या एका रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी बसवले. आणि ज्या के.ई.एम.मध्ये आरंभ झाला, तेथे पुढचे हृदयारोपण जुलै २०२४ मध्ये, छप्पन वर्षांनी झाले.

हृदयारोपण करून घेणाऱ्या बहुतेक प्रौढांना हृदयस्नायूचा विकार तरी असतो किंवा हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या तुंबलेल्या असतात. जन्मजात दोष असलेल्यांचे प्रमाण जगभर शेकडा तीनच्या आसपास भरते. संख्या लहान असली तरी अडचणी मोठ्या आहेत, आणि त्या चार प्रकारच्या आहेत.

पहिली अडचण जुन्या शस्त्रक्रियांची. ह्या रुग्णाची छाती लहानपणापासून दोनदा, तीनदा, कधी त्याहूनही अधिक वेळा उघडलेली असते. प्रत्येक वेळी आत व्रण राहतात आणि हृदय छातीच्या हाडाला चिकटून बसते. शिवाय वर्षानुवर्षे प्राणवायू कमी पडल्यामुळे शरीराने फुप्फुसांकडे जाणाऱ्या असंख्य बारीक वाहिन्या नव्याने निर्माण केलेल्या असतात. हे सर्व सोडवताना रक्तस्राव फार होतो आणि वेळ फार लागतो. इकडे दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय बर्फात ठेवले तरी सुमारे चार तासांच्या आत पुन्हा सुरू व्हावे लागते. म्हणून येथे विमान निघण्यापूर्वीच ग्राहीची छाती उघडण्यास आरंभ करावा लागतो आणि दोन्ही ठिकाणच्या पथकांना मिनिटामिनिटाचा मेळ घालावा लागतो.

दुसरी अडचण रचनेची. सामान्य रुग्णाच्या छातीत जुने हृदय काढले की, नव्या हृदयाच्या वाहिन्या जेथल्या तेथे जुळतात. जन्मजात दोषात तसे नसते. कोणाची महारोहिणी पुढे तर कोणाची उजवीकडे, कोणाची महानीला डावीकडून येणारी; काहींचे तर संपूर्ण हृदयच छातीच्या उजव्या अंगाला असते. अशा वेळी शल्यविशारद दात्याकडून केवळ हृदय न घेता त्याला जोडलेल्या वाहिन्यांचे लांब तुकडेही घेतात आणि त्यांतून नवे मार्ग घडवतात. फोंतां यांची रचना मोडून फुप्फुसांच्या रोहिण्या पुन्हा बांधाव्या लागतात. प्रत्येक रुग्णाची मांडणी वेगळी असल्यामुळे आदल्या शस्त्रक्रियेचा अनुभव जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

तिसरी अडचण फुप्फुसांची, म्हणजे डॉ. सेन यांच्या रुग्णांना भोवली तीच. मोठे छिद्र वेळेवर बंद न झाल्यास डाव्या बाजूचे जोरकस रक्त फुप्फुसांत शिरत राहते. आत्मसंरक्षणासाठी फुप्फुसांतील वाहिन्या जाड होतात आणि शेवटी दाब इतका वाढतो की, प्रवाह उलटतो. १८९७ साली व्हिएन्नातील आयझेनमेंगर यांनी ह्या अवस्थेचे वर्णन केले होते. ह्या टप्प्यावर छिद्र बुजवणे घातक ठरते आणि नुसते हृदय बदलणेही. हृदय आणि फुप्फुसे दोन्ही एकत्र बदलणे एवढाच शस्त्रक्रियेचा मार्ग राहतो. तो पहिल्यांदा मार्च १९८१ मध्ये स्टॅनफर्डला ब्रूस राइट्झ यांनी यशस्वीपणे अवलंबिला. ज्या देशांत लहानपणीच छिद्रे बुजवली जातात तेथे ही अवस्था विरळ होत चालली आहे. आपल्याकडे, खेड्यापाड्यांतून उशिरा येणाऱ्या रुग्णांत, ती अजूनही आढळते.

चौथी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. बालपणीच्या शस्त्रक्रियांत अनेकांचे रक्त चढवलेले असते, काहींच्या हृदयात मृत दात्याच्या झडपाही बसवलेल्या असतात. त्यामुळे रुग्णाच्या रक्तात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असतात. पुष्कळशा दात्यांची हृदये अशा रुग्णाला चालतच नाहीत. एकीकडे दाते थोडे, आणि त्यांतूनही जुळणारे त्याहून थोडे.

ह्या चार अडचणींचा परिणाम आकड्यांत दिसतो. प्रौढांतील हृदयारोपणानंतर शंभरांपैकी पंचाऐंशी ते नव्वद रुग्ण पहिले वर्ष पार करतात. जन्मजात दोष असलेल्यांमध्ये हे प्रमाण कमी असते, कारण पहिल्या काही आठवड्यांतील मृत्यू अधिक असतात. परंतु ह्यापुढची गोष्ट आशादायक आहे. जे पहिले वर्ष पार करतात, ते पुढे इतर रुग्णांच्या बरोबरीने, बहुधा त्यांच्याहूनही अधिक काळ जगतात. ते वयाने तरुण असतात, त्यांच्या इतर रक्तवाहिन्या निरोगी असतात, आणि औषधे वेळेवर घेण्याची शिस्त त्यांच्यापैकी अनेकांना बालपणापासून लागलेली असते. म्हणून ह्या रुग्णांच्या बाबतीत खरा प्रश्न काळाचा ठरतो. फार लवकर शस्त्रक्रिया केली तर स्वतःच्या हृदयाने दिली असती ती वर्षे वाया जातात. फार उशीर झाला तर यकृत आणि मूत्रपिंडे ढासळलेली असतात, आणि कधीकधी हृदयासोबत यकृतही बदलण्याची पाळी येते.

येथे न्यायाचाही एक प्रश्न उपस्थित होतो. दात्यांची संख्या अपुरी असल्यामुळे हृदय कोणाला आधी द्यायचे ह्याचे नियम करावे लागतात. ते बहुधा रुग्ण किती अत्यवस्थ आहे ह्यावर बसवलेले असतात, आणि अत्यवस्थतेची खूण म्हणजे शिरेतून सतत चाललेले औषध किंवा छातीत बसवलेला यांत्रिक पंप. हे मोजमाप हृदयस्नायूच्या विकारासाठी योग्य आहे. पण एकनिलयी हृदयात असा पंप बसवणे फार कठीण असते आणि ती औषधेही तेथे फारशी उपयोगी पडत नाहीत. परिणामी जन्मजात दोषाचा रुग्ण कागदावर बरा दिसतो आणि यादीत मागे राहतो. लहानपणापासून धाप लागण्याची सवय असल्यामुळे तो स्वतःही तक्रार करीत नाही. जिना चढताना थांबावे लागते हे त्याला आजाराचे लक्षण वाटत नाही. तो त्याला आपला स्वभाव समजतो. म्हणूनच अशा रुग्णाची परीक्षा जन्मजात दोषांची जाण असलेल्या डॉक्टरांनी, ठरलेल्या अंतराने, मोजमापे घेऊन केली पाहिजे.

आता ह्या नगरीकडे पाहू. पूर्व भारतातील पहिले हृदयारोपण २१ मे २०१८ रोजी कोलकात्यातील आनंदपूर भागातल्या एका खाजगी रुग्णालयात झाले. हृदय बंगळूरहून विमानाने आले, विमानतळापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता पोलिसांनी मोकळा ठेवला आणि झारखंडमधून आलेल्या एका रुग्णाला ते मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकाता मेडिकल कॉलेज ह्या सरकारी रुग्णालयातही हृदयारोपण झाले. ही दुसरी घटना कदाचित अधिक महत्त्वाची मानावी लागेल. कारण ज्याच्या खिशात पैसा नाही त्यालाही हे दार उघडू शकते, असे तिने दाखवून दिले. पूर्वेकडील राज्यांचे प्रादेशिक अवयव व ऊती प्रतिरोपण केंद्र कोलकात्याच्या एस.एस.के.एम. रुग्णालयात आहे. पश्चिमेकडील राज्यांचे तसेच केंद्र मुंबईच्या के.ई.एम.मध्ये आहे. डॉ. सेन यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी ह्यांच्यावर आज सारखीच जबाबदारी येऊन पडली आहे.

मृत देहाकडे पाहण्याच्या दृष्टीत बदल घडवण्याचे काम ह्या शहराने पूर्वीही केले आहे. कोलकाता मेडिकल कॉलेजची स्थापना १८३५ सालची. पुढच्याच वर्षी पंडित मधुसूदन गुप्त यांनी तेथे मृतदेहाचे विच्छेदन केले. शास्त्री आणि वैद्य असलेल्या माणसाने शवाला हात लावणे, हे त्या काळी केवढे साहस होते ह्याची कल्पना आज येणार नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गणदर्पण ह्या संस्थेने बंगालमध्ये देहदानाची चळवळ उभी केली. जानेवारी २०१० मध्ये माजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे एस.एस.के.एम.ला देण्यात आला.

तथापि देहदान आणि अवयवदान ह्यांतील भेद स्पष्ट झाला पाहिजे. घरी किंवा रुग्णालयात नेहमीच्या रीतीने मृत्यू आल्यावर दिलेला देह विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवतो. त्यातील हृदय मात्र कोणाला देता येत नाही, कारण ते थांबलेले असते. हृदय मिळते ते अपघाताने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने मस्तिष्कमृत झालेल्या आणि अतिदक्षता विभागात यंत्रावर असलेल्या माणसाकडून. भारतीय कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाला निदान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करून हा मृत्यू प्रमाणित करावा लागतो. त्यानंतर नातेवाइकांची संमती विचारली जाते. ज्यांच्या डोळ्यांसमोर छाती अजून वरखाली होत आहे, त्या आईबापांना हा प्रश्न विचारणे आणि त्यांनी त्याला होकार देणे, ह्या दोन्ही गोष्टी सोप्या नाहीत. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे चाळीसहून अधिक मृत दाते वर्षाला मिळतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे. कार्ड भरून ठेवण्याने थोडा उपयोग होतो. खरा उपयोग होतो तो आपली इच्छा घरातील माणसांना जिवंतपणी सांगून ठेवण्याने.

दुसरी गोष्ट ह्याहून कमी खर्चाची आणि अधिक दूरगामी आहे. पश्चिम बंगाल सरकारने २०१३ साली ‘शिशु साथी’ ही योजना सुरू केली आणि जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांच्या शस्त्रक्रियेचा भार उचलला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही त्याच वर्षीचा. दोन्हींची वयोमर्यादा अठरा वर्षांची आहे. मुले वाचवण्यासाठी ही तरतूद योग्यच आहे. परंतु अठराव्या वाढदिवसाला हृदयातील दोष संपत नाही. त्या दिवसापासून तो तरुण बालरोग विभागाचा राहत नाही आणि प्रौढांच्या विभागात त्याची ओळख नसते. जुने कागद गहाळ होतात. कोणती शस्त्रक्रिया झाली होती हे त्याला सांगता येत नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांनी तो पाय सुजून, पोट फुगून रुग्णालयात येतो, तेव्हा झडप बदलण्याची वेळ टळलेली असते आणि हृदयारोपणाचीही टळत आलेली असते. बालपणी वाचवलेला जीव तिशीत केवळ देखरेखीच्या अभावी गमावणे, हे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशा प्रौढांसाठी स्वतंत्र विभाग, प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याच्या शस्त्रक्रियेचा संक्षिप्त वृत्तांत आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी हृदयारोपणाची वेळ पुष्कळांवर येणार नाही. आणि ज्यांच्यावर येईल त्यांच्यावर ती योग्य काळी येईल.

हृदयारोपण म्हणजे अमरत्व नव्हे, हेही सांगितले पाहिजे. रुग्णाला आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, जंतुसंसर्गाची धास्ती बाळगावी लागते, आणि आपल्या देशात क्षयरोगाविषयी विशेष सावध राहावे लागते. नव्या हृदयाच्या मज्जातंतूंचे धागे तुटलेले असल्यामुळे ते विश्रांतीतही थोडे जलदच चालते आणि परिश्रमाला सावकाश प्रतिसाद देते. काही वर्षांनी त्याच्याही रोहिण्या अरुंद होऊ लागतात. तरीदेखील, आज आरोपण झालेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक बारा वर्षांपलीकडे जगतात. ज्याने जन्मापासून कधी धावून पाहिले नाही, जो वर्गात नेहमी काठावर बसून इतरांचा खेळ पाहत आला, त्याला वयाच्या तिसाव्या वर्षी न थांबता जिना चढता यावा, ह्याचे मोल वर्षांच्या हिशेबात मांडता येत नाही.

परळमध्ये १९६८ साली जे दोन रुग्ण काही तासांपुरतेच जगले, त्यांच्या मृत्यूने पुढच्या पिढ्यांना फुप्फुसांचा विरोध मोजायला शिकवले. आज त्या ज्ञानाचा लाभ घेणारा प्रत्येक रुग्ण त्यांचा आणि आपल्या अनाम दात्याचा ऋणी असतो. विज्ञानाने आपला वाटा बऱ्याच अंशी उचलला आहे. ज्या मुलांना आपण वाचवले, त्यांच्यावर प्रौढपणीही नजर ठेवणे आणि दुःखाच्या घडीलाही दुसऱ्याच्या घराचा विचार करणे, हा उरलेला वाटा समाजाचा आहे.